‘मत्’ म्हणजे नको की नये? हाँगकाँगच्या पाट्यांवरील एक अक्षर

शाटिनकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आम्ही गेली तीन वर्षे हाँगकाँगमध्ये शा टिनला राहतो. भाजीबाजारापुरती कँटोनीज मला बोलता येते. वाचनाच्या बाबतीत मात्र जी दीडशे-दोनशे अक्षरे ओळखता येतात, ती सगळी रस्त्यावरच्या पाट्यांवरून आणि लेकीच्या शाळेच्या वहीवरून उचललेली आहेत.

गेल्या आठवड्यात धाकटा दुपारी झोपलेला असताना कुरिअरवाल्याने घंटा वाजवून त्याला दोनदा उठवले. म्हणून मी एका पुठ्ठ्यावर तीन अक्षरे लिहून तो दारावर चिकटवला. पहिले अक्षर ‘मत्’ आणि पुढची दोन ‘घंटा दाबणे’ या अर्थाची. ‘मत्’ म्हणजे मनाई, हे मला मेट्रोमध्ये रोज ऐकून पाठ झाले होते. दारे लागताना ‘छिंग मत् खाऊ कन् छे मून’, म्हणजे ‘कृपया गाडीच्या दारांजवळ येऊ नये’, अशी घोषणा होते. शिवाय हिंदीतले ‘मत’ आपल्या कानावरचेच असल्यामुळे हा शब्द विसरण्याचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी समोरच्या फोफोंनी (आजींना इथे फोफो म्हणतात) पाटी वाचली, हसू दाबले आणि ही पाटी सरकारने लावली आहे का, असे विचारले. त्यांच्या मते अक्षरे बरोबर होती आणि तरीही पाटी बरोबर नव्हती. यापुढचे त्यांचे स्पष्टीकरण माझ्या कँटोनीजच्या पलीकडचे निघाले.

या संकेतस्थळावर चिनी अक्षर टंकले की नुसता चौकोन उमटतो, म्हणून वर्णन करते. अक्षर चार फटकाऱ्यांचे आहे. आधी डावीकडे उतरणारा छोटा तिरपा फटकारा, मग आडवी जाऊन खाली वळणारी आणि शेवटी आत आकडा घेणारी रेघ, आणि तिच्या कुशीत आणखी दोन तिरपे फटकारे. या अक्षराचे नेमके वजन किती आहे, ते स्वतःच्या लिहिण्यात कोठे वापरावे, आणि हिंदीतल्या ‘मत’शी त्याचे काही नाते आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

उगाच_एक

माझे मत असे आहे की मत्विषयी मराठी माणसाला मत विचारू नये. आता हा धागा शंभरी गाठल्याशिवाय थांबत नाही.

डबलडेकर

शाटिनकर, तुमच्या फोफोंनी एका वाक्यात सगळे सांगितले आहे. मी येथे बारा वर्षे आहे आणि सुरुवातीला मीही हीच चूक याहून मोठ्या आवाजात केली होती, ती शेवटी सांगतो.

हाँगकाँगमध्ये बोलण्याची भाषा आणि लिहिण्याची भाषा यांत जेवढे अंतर आहे, तेवढे आपल्याकडे प्रमाण मराठी आणि बोली यांतही नाही. शाळेत मूल जे वाचते ते ‘स्यू मिन् यू’, म्हणजे लेखी भाषा. तिचे उच्चार कँटोनीज असतात, पण तिच्यातले कितीतरी शब्द घरात कोणीही बोलत नाही. नकाराचेच पाहा. लेखी नकार ‘पत्’ आणि बोलण्यातला नकार नुसता ‘म्’, तोही तोंड मिटून काढलेला. ‘करू नको’ असे बोलायचे झाल्यास ‘म् होऊ’ म्हणतात, शब्दशः ‘चांगले नाही’, आणि घाईत त्याचा ‘मोऊ’ होतो. त्याहून तुटक ‘मै’ आहे. आई मुलाच्या हातातून कात्री काढून घेताना तो ऐकू येतो. ‘मत्’ हे या घरगुती कुटुंबातले अक्षरच नव्हे. ते छापील सूचनेत, घोषणेत, कायद्यात, म्हणींमध्ये राहते. ‘मत्’ म्हणून मुलाला दटावणारी आई मी बारा वर्षांत पाहिलेली नाही.

म्हणून पाटी दोन प्रकारे लिहिता येते. एक म्हणजे ‘छिंग मत् ऑन चुंग’, ज्यात प्रत्येक अक्षर लेखी भाषेचे आहे आणि सुरुवातीला ‘छिंग’ म्हणजे ‘कृपया’ आहे. (चुंगमधला च चमच्यातला, चहातला नव्हे.) दुसरी म्हणजे ‘म् कॉय म् होऊ कम् चुंग’, जी शेजारणीने शेजारणीला सांगितल्यासारखी आहे. लक्ष द्या, येथे ‘दाबणे’ हे क्रियापदही बदलले. लेखी ‘ऑन’च्या जागी बोलण्यातला ‘कम्’ आला. ‘मत्’पुढे ‘कम्’ लावले तर ते सोवळे नेसून त्यावर कॅनव्हासचे बूट घालण्यासारखे दिसते. तुम्ही कोणते लिहिले होते?

आता माझी चूक. पहिल्या वर्षी एका चहाच्या दुकानात मला बर्फाशिवाय लिंबू-चहा हवा होता. मेट्रोतल्या घोषणेवर भरवसा ठेवून मी वेटरला अत्यंत नम्रपणे ‘छिंग मत् पिंग’ असे म्हणालो, म्हणजे जवळजवळ ‘कृपया बर्फ करण्यास मनाई आहे’. त्याने कागदावर काहीतरी लिहिले आणि आत जाऊन दोघांना बोलावून आणले. बर्फ नको असल्यास या दुकानांत ‘चौ पिंग’ म्हणतात (हा चही चमच्यातलाच). ‘चौ’ म्हणजे ‘निघून जा’. बर्फाने निघून जावे, साखर नको असेल तर साखरेने निघून जावे. मनाईसाठी तिसरीच तऱ्हा, आणि ती फक्त वेटरसमोर चालते.

शाटिनकर

मी ‘ऑन’च लिहिले होते, लेकीच्या वहीतून पाहून. ‘छिंग’ मात्र लिहिले नाही, कारण त्या अक्षरात पंधरा फटकारे आहेत आणि पुठ्ठा लहान होता.

खाडीपार

थोडा मतभेद नोंदवतो. प्रथम, धाग्यात ‘मत्’ला कँटोनीज शब्द समजले जात आहे, ते पूर्ण खरे नाही. हे अक्षर सगळ्या चिनी लेखनाचे आहे. मी काही वर्षे दक्षिण चीनमधल्या क्वांगचौला (ग्वांगझू) नोकरीसाठी होतो. तेथे मेट्रोत कँटोनीज कानांवर पडे आणि कार्यालयात मँडरिन. तेच अक्षर कँटोनीजमध्ये ‘मत्’ आणि मँडरिनमध्ये ‘वू’ असे वाचले जाते, आणि बीजिंगच्या पाटीवरही ‘कृपया करू नये’ याच दोन अक्षरांनी सुरू होते. मुख्य भूमीत अक्षरे सोपी केली गेली तेव्हाही हे अक्षर जसेच्या तसे राहिले; चार फटकाऱ्यांत आणखी काय सोपे करणार?

दुसरे असे की नव्या शिकणाऱ्याने या अक्षरावर वेळ घालवावा, हे मला पटत नाही. जे कोणी बोलत नाही ते आधी शिकून काय साधणार? आधी ‘म् होऊ’ पक्के करावे. पाटी वाचता आली नाही तर खाली इंग्रजी असतेच.

डबलडेकर

खाडीपार, अक्षर सर्वांचे आहे हे मान्य. परंतु दुसऱ्या मुद्द्याशी असहमत. सरकारी फलकाखाली इंग्रजी असते, हे खरे. पण इमारतीच्या लिफ्टमध्ये रखवालदाराने चिकटवलेल्या कागदावर, बाजारातल्या फळांच्या ढिगावर किंवा दुरुस्तीसाठी उघड्या असलेल्या गटाराच्या कडेला बहुधा ते नसते. अशा कागदावर बाकीचे काही कळले नाही तरी हे एक अक्षर ओळखता आले की माणूस निदान हात मागे घेतो. वाचण्यासाठी हे अक्षर पहिल्या पन्नासात असावे आणि बोलण्यासाठी पहिल्या पाच हजारांतही नसावे, असे मी म्हणेन.

माजघर

मला चिनी येत नाही, पण ‘ही पाटी सरकारने लावली आहे का’ या प्रश्नाचे उत्तर मराठीत शोधावेसे वाटते. आपण ‘नको’, ‘नका’ आणि ‘नये’ हे तीन शब्द इतक्या सहजपणे वापरतो की त्यांतला फरक कोणी विचारल्याशिवाय जाणवत नाही. ‘हात लावू नको’ म्हणताना समोर कोणीतरी ‘तू’ असतो आणि ‘नका’ म्हणताना ‘तुम्ही’ असता. ‘हात लावू नये’ असे म्हणताना समोर कोणीच नसते. ते वाक्य भिंत बोलते, आणि जो कोणी वाचेल त्याला ते लागू होते. म्हणूनच बागेतल्या फलकावर ‘फुले तोडू नयेत’ असते आणि आजी नातवाला ‘फुले तोडू नकोस रे’ म्हणते. आजीने नातवाला ‘बाळ, फुले तोडू नयेत’ असे सांगितले तर ती नीतिपाठ देत आहे हे त्याला तेव्हाच कळते, आणि तो तोडतो.

माझ्या समजुतीप्रमाणे तुमचे ‘मत्’ हे ‘नये’ आहे, ‘नको’ नव्हे. शाटिनकरांच्या दारावर भिंत बोलू लागली, म्हणून फोफोंना हसू आले असावे.

उगाच_एक

म्हणजे पुण्यातल्या दारांवरच्या पाट्या कँटोनीजमध्ये नेण्यास काहीच अडचण नाही. सगळ्या भिंतीच बोलतात, आणि ‘कृपया’ तेथेही पुठ्ठ्यात मावलेले नसते.

डबलडेकर

माजघर, हे तर मी बारा वर्षांत कोणाला इतके नीट समजावून सांगू शकलो नाही. एवढीच पुस्ती जोडतो की ‘मत्’ला रूपेही नाहीत, नये-नयेत असा भेद नाही आणि कर्ता लागत नाही.

रूपसिद्धी

हिंदीतल्या ‘मत’शी नात्याचा प्रश्न मागे पडला आहे, तो घेतो. उत्तर ‘नाही’ असेच आहे, पण हा योगायोग साधा नाही.

हिंदीतले ‘मत’ बहुतेक अभ्यासक संस्कृतातल्या निषेधार्थी ‘मा’कडे नेतात. ‘मा शुचः’, ‘मा गृधः’ ही उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत. ग्रीकमध्ये ‘मे’ आहे, म्हणजे हा ‘म’ इंडो-युरोपीय कुळात फार जुना आहे. दुसरीकडे जुन्या चिनी भाषेतही नकाराचे एक आख्खे कुटुंब ‘म’पासून सुरू होत होते. मँडरिनमध्ये त्यांतल्या बऱ्याच शब्दांचा आरंभीचा ‘म’ झिजून ‘व’ झाला, म्हणून खाडीपार यांनी सांगितलेले ‘वू’. कँटोनीजने तो ‘म’ राखला: ‘मत्’ म्हणजे करू नये, ‘मेय’ म्हणजे अद्याप नाही, ‘मोऊ’ म्हणजे नाही किंवा विना, ‘मोक्’ म्हणजे कोणीही नाही किंवा नको. शेवटचा ‘त्’ही कँटोनीजने राखला आणि मँडरिनने टाकला. म्हणजे शाटिनकरांना मेट्रोत हिंदी ऐकू आली, याचे कारण त्या जुन्या चिनी उच्चाराच्या अधिक जवळचे ऐकत होत्या. दोन कुळांतल्या ‘म’चा एकमेकांशी संबंध असल्याचे कोणी दाखवून दिलेले नाही.

त्या शेवटच्या ‘त्’ची एक कहाणी व्याकरणकार सांगतात. ‘नको’ या अर्थाचा एक शब्द आणि ‘ते’ या अर्थाचे सर्वनाम अशा दोहोंचा सांधा होऊन हा शब्द झाला, आणि तो ‘त्’ म्हणजे त्या सर्वनामाचे उरलेले शेपूट, असे हे मत आहे. त्यानुसार ‘मत्’ म्हणजे नुसते ‘करू नये’ नव्हे, तर ‘ते करू नये’. कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहातले प्रसिद्ध वाक्य घ्या: स्वतःला जे नकोसे वाटते, ते इतरांवर लादू नये. मुळात ‘स्वतःला जे नकोसे’ हा तुकडा आधी येतो आणि मग ‘मत् लादणे इतरांवर’. लादू नये ते काय, हे पुन्हा सांगितलेलेच नाही, कारण ते ‘मत्’च्या पोटात आहे. त्याच ग्रंथाच्या बाराव्या भागाच्या आरंभी चार ‘मत्’ एकामागून एक येतात: जे रीतीला धरून नाही ते पाहू नये, ऐकू नये, बोलू नये, करू नये. तेथेही क्रियापदापुढे कर्म नाही. आपल्याकडच्या गांधीजींच्या तीन माकडांचे मूळ शोधणारे लोक पुष्कळदा याच वाक्यापर्यंत जातात.

या उलगड्याला आक्षेपही आहेत. चीनच्या प्राचीन शांग राजवटीच्या काळातल्या हाडांवर कोरलेल्या लेखांत हे चिन्ह निषेधासाठी आधीपासूनच दिसते आणि तेथे सर्वनामाचा मेळ नेहमी बसत नाही. पुढच्या काळात तर नियम सैलच झाला. ‘धूम्रपान करू नये’ या आजच्या पाटीत ‘मत्’नंतर ‘ओढणे’ आणि त्यापुढे ‘धूर’ हे कर्म राजरोस उभे असते. तरीही कन्फ्यूशियसची वाक्ये वाचताना हा उलगडा मनात ठेवला की ती एकदम मोकळी होतात.

जाता जाता: ‘आत्मनः प्रतिकूलानि परेषां न समाचरेत्’ या आपल्या सुभाषिताचा अर्थ अगदी तोच आहे, आणि तेथेही ‘मा’ नाही, ‘न’ आणि विधिलिङ् (‘करावे’ अशा अर्थाचे क्रियारूप) आहे. माजघर यांच्या ‘नये’ला संस्कृतातून अनुमोदन.

खाडीपार

रूपसिद्धी, हिंदीची आठवण शिकणाऱ्याची दिशाभूलच करते, असे मला आता अधिकच वाटू लागले आहे. हिंदीत ‘मत’ घरगुती आहे. ‘मत जाओ’ हे माणूस माणसाला म्हणतो. अधिकृत फलकावर बहुधा ‘फूल न तोड़ें’ असे ‘न’ असते किंवा सरळ ‘मना है’. म्हणजे ध्वनी जुळतो आणि वापर नेमका उलटा पडतो. डबलडेकर यांना चहाच्या दुकानात जो त्रास झाला, त्यामागे हेच असेल.

डबलडेकर

शंका रास्त आहे. मी नागपूरचा, हिंदी ऐकतच वाढलो.

पेठी_जपानी

मी पुण्यात जपानी शिकवते. हे अक्षर आमच्याकडेही आहे, पण पाट्यांवर जवळजवळ दिसत नाही. तेथे मनाईसाठी वेगळे शब्द वापरतात. ते भेटते एका रोजच्या शब्दात. ‘मोचिरोन’ म्हणजे ‘अर्थातच’. हा शब्द लिहिताना पहिले अक्षर तुमचे ‘मत्’ आणि दुसरे ‘चर्चा, वाद’ या अर्थाचे. म्हणजे शब्दशः ‘वाद घालू नये’. पहिल्या वर्गातल्या मुलांना मी एवढेच सांगते की मराठीत आपण ‘वादच नाही’ म्हणतो तेच हे, आणि त्यानंतर तो शब्द कोणी विसरत नाही. कोरियनमध्ये तीच दोन अक्षरे ‘मुल्लोन’ अशी उच्चारली जातात आणि अर्थही तोच.

येथे एक गंमत दिसते. कँटोनीजचा शेवटचा ‘त्’ कोरियनमध्ये ‘ल्’ झाला, जपानीत त्याला स्वर चिकटून ‘मोचि’ झाले आणि मँडरिनमध्ये तो गळून गेला. चौघांनी एकच वस्तू उचलली आणि प्रत्येकाने घरी नेताना वेगळ्या ठिकाणी कोपरा झिजवला.

उगाच_एक

या धाग्यामुळे मी अक्षराचे चित्र शोधून पाहिले. मग असे कळले की याच अक्षराच्या डावीकडे ‘तोंड’ हे अक्षर बसवले की ‘चुंबन’ होते. तोंडाशेजारी ‘नये’ लिहून चुंबन घडवणाऱ्या संस्कृतीपुढे मी नतमस्तक आहे.

रूपसिद्धी

विनोद उत्तम आहे, पण कोणी याला व्युत्पत्ती समजू नये म्हणून सांगतो. तेथे ‘मत्’ अर्थासाठी नाही, ध्वनीसाठी आहे. बहुसंख्य चिनी अक्षरांत एक भाग अर्थाची दिशा दाखवतो आणि दुसरा उच्चाराची. डावीकडे ‘गाय’ बसवली तर ‘वस्तू, पदार्थ’ हे अक्षर होते, आणि त्याचा कँटोनीज उच्चार आजही हुबेहूब ‘मत्’ आहे, सूर सुद्धा तोच. चुंबनाचा उच्चार काळाच्या ओघात दुरावून ‘मन्’ झाला.

खुद्द मूळ अक्षरही असेच उसने घेतलेले दिसते. इसवी सन १०० च्या सुमारास श्यू शेन यांनी रचलेल्या कोशात त्याचा अर्थ गावात लोकांना गोळा करण्यासाठी उभारलेला निशाण असा दिला आहे, आणि फटकारे म्हणजे निशाणाच्या लोंबणाऱ्या पट्ट्या. निषेधाचा शब्द त्या आवाजाचा होता, म्हणून निशाण त्याच्या कामाला लागले. १७१६ च्या खांगशी कोशात हे अक्षर ‘गुंडाळणे’ या विसाव्या मूलचिन्हाखाली ठेवले आहे. ती केवळ शोधण्याची सोय आहे, तिच्यातून अर्थ काढण्याच्या फंदात पडू नये.

तंबोरा

शाटिनकर, उच्चारासंबंधी काही लिहितो, कारण देवनागरीत ‘मत्’ लिहिल्याने अर्धे काम होते आणि अर्धे बिघडते.

होते ते असे. कँटोनीजमध्ये ऱ्हस्व ‘अ’ आणि दीर्घ ‘आ’ यांनी अर्थ बदलतो, आणि रोमन लिपीवर पोसलेल्या विद्यार्थ्यांना तो भेद ऐकायला महिने लागतात. आपल्याला तो आईच्या दुधाबरोबर मिळालेला आहे. ‘मत्’ म्हणजे करू नये आणि ‘मात्’ म्हणजे पुसणे. तसेच प-फ, त-थ, क-ख यांतला फरक. कँटोनीजमध्ये आपल्या ‘ब, द, ग’सारखे घोष स्फोटक नाहीत, आहेत ते ‘प’ आणि ‘फ’ (ओठ मिटून काढलेला, फुलातला फ), ‘क’ आणि ‘ख’. हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळाने १९९३ मध्ये तयार केलेल्या युतपिंग या रोमन पद्धतीत ‘क’साठी ‘जी’ हे अक्षर योजले आहे, आणि आपले लोक ते पाहून ‘गम’ आणि ‘गन’ म्हणू लागतात. रोमन बाजूला ठेवून कानावर भरवसा ठेवावा.

बिघडते ते असे. शेवटचा ‘त्’ सोडायचा नसतो. जीभ दातांमागे जाऊन थांबते आणि तेथेच वाक्य पुढे सरकते. आपण ‘मत’ म्हणताना शेवटी जो हवेचा बारीक झटका देतो तो तेथे नाही. आणि सूर खालचा, सपाट, सहाव्या क्रमांकाचा. तोच ‘मत्’ वरच्या सपाट सुरात म्हटला की त्याचा अर्थ ‘काय’ असा होतो, आणि तो मात्र अगदी घरगुती शब्द आहे. खालच्या सुरात ‘करू नये’, ‘वस्तू’, ‘मध’ आणि ‘दाट’ हे चौघे एकत्र राहतात. सराव करायचा असेल तर रोजची मेट्रोची घोषणा गुणगुणावी. तानपुऱ्याच्या खर्जासारखा तो ‘मत्’ वाक्यात खाली बसलेला स्पष्ट ऐकू येतो.

मांडवीकाठ

अवांतर होणार नाही अशी काळजी घेऊन लिहितो. १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता, त्यामुळे आमच्या घराण्यात मकावच्या गोष्टी अजून निघतात, आणि दोन वर्षांपूर्वी मी तेथे जाऊनही आलो. फलकांवर चिनी आणि पोर्तुगीज दोन्ही असतात. पोर्तुगीज ओळ ‘मनाई आहे’ असे ठणकावून सांगते आणि तिच्या वरच्या चिनी ओळीत ‘कृपया करू नये’ असते, असे एका ठिकाणी माझ्या कँटोनीज सोबत्याने मला दाखवले. एकाच फलकावर दोन स्वभाव नांदताना पाहून बरे वाटले. कोंकणीत आमच्याकडे ‘नाका’ एवढ्यावर बहुतेक सगळे भागते.

शाटिनकर

मांडवीकाठ, तुमच्या दोन स्वभावांवरून पुढचा प्रश्न सुचला. ‘छिंग मत्’ ही विनंती आणि ‘मनाई आहे’ हा हुकूम, यांच्यामध्ये आणखी पायऱ्या आहेत का? आम्ही रविवारी काम शानच्या जंगलात माकडे पाहायला गेलो होतो, तेथे ‘मत्’च्या आधी ‘छिंग’ऐवजी दुसरेच एक अक्षर होते.

डबलडेकर

ते अक्षर ‘छित्’ असणार. ‘छित् मत्’ म्हणजे ‘चुकूनही करू नये’. यात विनंती नाही, पण शिक्षेची धमकीही नाही. ज्याचे भले व्हावे असे वाटते त्याला बजावताना हे वापरतात. फसवणुकीपासून सावध करणाऱ्या जाहिराती, औषधाच्या डब्यावरच्या सूचना आणि वादळाच्या वेळी समुद्राजवळ न जाण्याचे आवाहन, ही त्याची घरे. त्याच्या पुढची पायरी ‘पत् चन’, म्हणजे ‘परवानगी नाही’, आणि सगळ्यांत वर ‘यिम् कम’, म्हणजे आपले ‘सक्त मनाई आहे’. तेथे ‘मत्’ची हद्द संपते.

काम शानबद्दल मात्र सावध करतो. फलक कितीही मऊ भाषेत असला तरी कायदा मऊ नाही. वन्य प्राण्यांना खाऊ घातल्यास १ ऑगस्ट २०२४ पासून ५,००० हाँगकाँग डॉलरचा दंड थेट हातात ठेवला जातो. एमटीआरमध्ये (इथल्या मेट्रोत) ‘छिंग मत् यम सिक’, म्हणजे ‘कृपया खाऊ-पिऊ नये’, हेही असेच; ‘कृपया’ असले तरी मागे नियम उभा असतो.

माजघर

म्हणजे ‘कृपया’ हे अक्षर तेथे विनवणीसाठी नसून भिंतीला माणसाचा आवाज देण्यासाठी आहे, असे समजावे का?

डबलडेकर

अगदी तसेच. आणि म्हणूनच नुसते ‘मत्’ लिहिलेले दार फोफोंना सरकारी वाटले. म्हणींत आणि जुन्या वचनांत ‘मत्’ एकटे शोभते. घराच्या दारावर त्याच्या आधी ‘छिंग’ हवेच.

खाडीपार

वरची चर्चा वाचून माझे एक विधान मागे घेतो. वाचण्यासाठी हे अक्षर लवकर शिकावे, हे मान्य. दुसरे मात्र तसेच ठेवतो. शाटिनकर, तुम्ही लेखी भाषेचे वाक्य वहीतून जुळवण्यापेक्षा बोलण्याची भाषाच पाटीवर लिहा. हाँगकाँगमध्ये लोक संदेशांत, दुकानांच्या हस्तलिखित कागदांवर बोली कँटोनीज सर्रास लिहितात, आणि झोपलेल्या मुलासाठी लिहिलेली पाटी घरच्या भाषेत असावी. ‘बीबी फन् चॉ’, म्हणजे ‘बाळ झोपले आहे’, एवढे आधी लिहिले की पुढे मनाईचा शब्द सौम्य आहे की कडक, याकडे कोणी पाहणारही नाही.

रूपसिद्धी

येथे मी खाडीपार यांच्या बाजूने. कारण आधी सांगून मग निषेध करणे, हीच कन्फ्यूशियसच्या वाक्याचीही चाल आहे.

शाटिनकर

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी फोफोंना घरी चहाला बोलावले आणि मोठा पुठ्ठा घेतला. दोन्ही वाक्ये लिहून त्यांच्यासमोर ठेवली: वर ‘छिंग मत् ऑन चुंग’ आणि खाली ‘बीबी फन् चॉ, म् कॉय म् होऊ कम् चुंग’. त्यांनी चष्मा लावून वरची ओळ वाचली आणि ‘बँक’ म्हणाल्या. खालची वाचली आणि ‘घर’ म्हणाल्या. मग स्वतःच पेन घेऊन माझ्या ‘झोपणे’ या अक्षरातला डोळ्याचा भाग दुरुस्त केला. मी त्यात एक रेघ कमी काढली होती. वरची ओळ मी कापून टाकली, पण ती लेकीने तिच्या खोलीच्या दारावर, खास धाकट्या भावासाठी, चिकटवली आहे. त्याला अजून कोणतीच भाषा वाचता येत नाही.

सोमवारी दुपारी कुरिअरवाला आला. त्याने पाटी वाचली असावी, कारण घंटा वाजली नाही. त्याने दार ठोठावले.

उगाच_एक

‘ठोठावू नये’साठी नवीन धागा काढावा ही विनंती.

तंबोरा

‘हाऊ मून’ म्हणजे दार ठोठावणे. पहिला शब्द वरच्या सपाट सुरात, दुसरा खाली उतरणारा. पुठ्ठ्यावर जागा शिल्लक आहे का?